मुंग्यांचं दार

अण्णा बोलण्याआधी अंगठा पुढे करायचे. उजव्या हाताचा, फॅक्टरीत कुठल्याशा यंत्राखाली सापडून चपटा झालेला. तो हवेतच हलके टेकवल्यासारखा करून म्हणायचे, “दाबायचं, तम्बी. झाकायचं नाही.”

तम्बी म्हणजे धाकटा भाऊ, तो मी; वाक्य मूळचं बियांचं. पण अण्णांनी ते माझ्या दुखऱ्या गुडघ्यावरच्या पट्ट्यालाही लावलं, आणि बँकेतल्या साहेबावर मी धुमसत होतो तेव्हा माझ्या रागालाही. एकच औषध सगळ्या रोगांवर देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अण्णांचं औषध निदान फुकट होतं.

चेन्नईजवळच्या आवडी गावात आमच्या शेजारी त्यांचं स्वतःचं घर. मी बदलीवर आलेला, भाड्याने राहणारा. अंबत्तूरच्या शाखेत नोकरी, आई साताऱ्याला धाकट्या भावाकडे. दर रविवारी मी मागच्या अंगणात उभा राहून तिला फोन करायचो. “येतो गं, पुढच्या महिन्यात नक्की येतो,” असं सांगून फोन ठेवला, की दिवसभर मन खात राहायचं. एका रविवारी भिंतीपलीकडून आवाज आला, “आईस खोटं सांगतोस ते मराठीत. मग खरं बोलायास कोणती भाषा राखून ठेवली आहेस?”

मी दचकलो. भिंतीवरून पांढऱ्या केसांचं डोकं वर आलं. “आम्ही तंजावरचे. पण कान शाबूत आहेत. जेवण जाहलं?”

अशी आमची ओळख. त्यांची मराठी माझ्या पणज्याची असावी तशी होती, मध्येच होकाराचं ‘सरि, सरि’ आणि ‘अय्यो’ पेरलेली, आणि सूर सगळा तमिळ. मी त्यांच्याशी बोलताना उगाच सावरून बसायचो. माझा स्वभाव मुळात सतत काहीतरी चुकल्यासारखं वाटण्याचा. कॉफीचा पेला खाली ठेवताना आवाज झाला तरी मी “सॉरी अण्णा” म्हणे. ते हसत विचारत, “आज सकाळपासून कोणाकोणाची माफी मागून जाहली, तम्बी?”

अण्णांची बायको गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. ती असताना रोज पहाटे दारात सडा घालून कोलम काढायची, आपल्या रांगोळीसारखंच, फक्त तांदळाच्या पिठाचं. ती गेल्यावर ते काम अण्णांनी घेतलं. सुनेने दगडाची पांढरी पूड आणून दिली, “हिने रेघ ठळक येते,” म्हणाली. अण्णांनी ती परत केली. “पूड खाऊन मुंगी काय करेल? तुझ्या सासूच्या दारातून मुंगी कधी उपाशी गेली नाही.” त्यांचं कोलम म्हणजे वळणं चुकलेला रस्ता. समोरच्या बायका हसू दाबत जायच्या. अण्णा त्यांना म्हणायचे, “हसा, हसा. खाणाऱ्यांची तक्रार नाही.”

आता मुख्य गोष्ट. त्यांच्या दारापुढे मातीचा एक लांबट तुकडा होता. मुलगा सिरुसेरीला नोकरीला, जायला दोन तास, यायला त्याहून जास्त. त्याने गाडी घेतली. रस्त्यावर उभी करायचा, तर पाण्याच्या टँकरने तिला एकदा एका अंगाने पार सोलून काढलं. तो म्हणाला, “अप्पा, पुढे टाइल्स घालू. गाडी आत येईल. तिथे उगवतंय तरी काय?”

मुलगा वाईट नव्हता. मला तर त्याचंच बरोबर वाटत होतं, आणि तसं वाटल्याबद्दल अण्णांसमोर चोरट्यासारखंही होत होतं.

अण्णा मला म्हणाले, “आत टीव्ही त्यांचा, वर एसी त्यांचा. मी कोठे नाही म्हटलं? पण मला पाय टेकायास एवढीच माती आहे, तम्बी.” मग मुलाला त्यांनी अट घातली. पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, तिथे फुलं उभी राहिली तर माती राहील. नाही राहिली तर टाइल्स. मुलगा हसला, म्हणाला, “सरि.”

बियांचं पाकीट सुनेने मागवून दिलं. सासऱ्याच्या बाजूने तिने उघडपणे एवढंच केलं. पाकिटावर पिवळ्या पाकळ्यांचं आणि मध्ये काळसर गोंड्याचं फूल, नाव ब्लॅक आइड सुझन. अण्णांनी भिंग लावून नाव वाचलं. “डोळे काळे, नाव सुझन. असू दे. पाहुणी आहे, सुझनबाई म्हणू.”

बी म्हणजे तिळाच्या तुकड्याएवढी काळी काडी. पाकिटावर लिहिलं होतं, की हिला उगवायला उजेड लागतो, मातीवर नुसती टेकवा, वर माती घालू नका. अण्णांचं वाक्य तिथून आलं. त्यांनी पसरट कुंडीत माती भरली, अर्धं पाकीट रिकामं केलं आणि त्या चपट्या अंगठ्याने एकेक बी दाबलं. पावसाचे दिवस, तिकडचे दिवाळीच्या सुमाराचे, तोंडावर होते. बी वाहून जाऊ नये म्हणून कुंडी छपराखाली पायरीवर ठेवली, कोलमच्या अगदी शेजारी. “दोन्ही कामं एकाच ठिकाणी,” ते खुशीत म्हणाले.

दिवस गेले, कुंडी तशीच. ऑफिसला निघताना मी विचारायचो, “सुझनबाई आल्या का?”

“गाडी लेट आहे.”

मुलगा चपला घालता घालता म्हणायचा, “अप्पा, कॅन्सल झाली असेल.”

शेवटी अण्णांनी उरलेलं पाकीटही त्याच कुंडीत टेकवलं. दुसऱ्या दिवशी रविवार. मी त्यांच्या पायरीवर कॉफी घेत बसलो होतो, तर मुंग्यांची रांग कोलमवरून निघाली, पिठाचे कण उचलत पुढे आली, आणि सरळ कुंडीच्या काठावरून आत उतरली. पलीकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुंगीच्या तोंडात एक काळी काडी. पांढरे कण आणि काळ्या काड्या, दोन्ही एकाच रांगेत, भिंतीच्या कडेच्या वारुळाकडे निघालेल्या.

“अण्णा!” मी ओरडलो. “तुमचं बी चाललं!”

अण्णा वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग गुडघ्यावर हात मारून इतके हसले, की त्यांना ठसका लागला. “अय्यो! मीच पान वाढलं, मीच बाजूला कोशिंबीर ठेवली. त्यांचं काय चुकलं?”

मी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून मुंग्यांचा विषारी खडू आणला. कुंडीभोवती एक रेघ ओढली असती, तर निम्मं बी वाचलं असतं. अण्णांनी माझं मनगट धरलं. आता ते हसत नव्हते.

“सकाळी बोलावून जेवायास घालायचं आणि दुपारी विष? तुझी वहिनी वरून काय म्हणेल?”

“पण अण्णा, माती जाईल तुमची.”

“जाईल,” ते म्हणाले. आणि खडू माझ्या खिशात परत ठेवला.

कुंडीत उरलं होतं ते त्यांनी गच्चीवर नेलं. उघड्यावर, कारण झाकायचं नाही. त्याच रात्रीच्या पावसाने कुंडी धुऊन काढली. त्यानंतर सुझनबाईंबद्दल मी विचारलं नाही, तेही बोलले नाहीत. कोलम मात्र रोज निघत राहिलं.

पोंगल झाला आणि टाइल्सवाला आला. अण्णांनी शब्द पाळला. खुर्ची उचलून माझ्या अंगणात येऊन बसले, भिंतीवरून काम बघत. एकदाच उठून गेले. वारुळाशी थांबून टाइल्सवाल्याला तमिळमध्ये म्हणाले, “मुंग्यांचं दार तेवढं सोड.”

मुलगा वैतागला. “अप्पा, मध्येच भोक ठेवायचं? मुंग्यांसाठी?”

“मध्ये नाही, कडेला. तुझ्या गाडीस दार केलंस, त्यांचं बंद का करतोस?”

टाइल्सवाल्याने मुलाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि भिंतीच्या कडेला वीतभर माती उघडी ठेवली. वारुळाच्या तोंडाशी केसाळ पानांचं काहीतरी खुरटं उगवलं होतं. गवत असेल म्हणून मी उपटायला वाकलो, तेवढ्यात अण्णांनी हाक मारली, “राहू दे रे, त्यांची बाग असेल.” आणि दोघंही हसलो.

पुढच्याच रविवारी त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. माझ्या आईला म्हणाले, “ताईसाहेब, हा येत्या शनिवारी निघतो. मी स्टेशनवर पोचवतो.” खरोखरच पोचवलं. गाडी सुटताना खिडकीशी उभे राहून म्हणाले, “तिच्याजवळ बैस. माफी मागत बसू नकोस.”

साताऱ्याला आईच्या पायांना तेल लावत होतो, तेव्हा अण्णांच्या सुनेचा फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते. मी परत पोचेपर्यंत सगळे विधी आटोपले होते. मी तिथे नव्हतो, हे मला सलायला हवं होतं. पण मला जिथे असायला हवं होतं तिथे त्यांनीच पाठवलं होतं, आणि या एका गोष्टीसाठी माफी कोणाकडे मागावी ते मला आजवर कळलेलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी सून भिंतीवरून हाका मारायला लागली. मी गेलो. वारुळाशी त्या खुरट्या पानांतून कंबरेएवढे दांडे वर आले होते. त्यांवर पिवळ्या पाकळ्या, मध्ये काळसर गोंडे. वीतभर जागेत दाटी झाली होती. मुलगा शेजारी उभा होता, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात. तो गाडीची किल्ली हातात फिरवत राहिला. त्या संध्याकाळपासून गाडी पुन्हा रस्त्यावर उभी राहू लागली. आत घेतली की दांडे चेंगरतात.

ऊन कडक झालं तशा पाकळ्या गळाल्या आणि गोंडे वाळले. एके दिवशी पहाटे मी पाणी भरायला उठलो होतो. पलीकडे टाइल्सवर सुनेने काढलेलं कोलम होतं, तांदळाच्या पिठाचं. मुलगा उकिडवा बसून एक गोंडा तळहातावर चुरत होता. मला वाटलं, बी ठेवायला पाकीट शोधेल. त्याने ते काळं चिमूटभर बी कोलमच्या शेजारी टाइलवर ठेवलं, आणि तसाच बसून राहिला.

मला पाहून उठला, जरा ओशाळला. मोडक्या मराठीत म्हणाला, “अप्पाला नाही जमलं, अंकल. ह्यांना जमते.”

मुंग्यांची रांग निघाली होती. आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी ती बघत उभे राहिलो.