बार न होणाऱ्या बंदुका

माझ्या वडिलांना खोट्या बंदुका जमवायचा नाद होता. नाद कसला, खूळच. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आमच्या वरवट बकाल गावात लोक विहिरीवर इंजिन बसवायच्या गोष्टी करत होते, आणि आमच्याकडे कापूस विकला की नांदुऱ्याच्या सुताराकडून नवी बंदूक यायची. सुतार लाकूड तासायचा, लोहार घोडा आणि चाप करायचा, नळीच्या जागी भरीव सळई. बंदुकांच्या पुस्तकातल्या चित्राहून घोड्याचा बाक जरा वेगळा झाला की वडील लोहाराचं डोकं खायचे. घरात बसायला धड खुर्ची नव्हती, पण बैठकीच्या भिंतीवर तोड्याची बंदूक होती, ठासणीची होती, महायुद्धातल्या सोजिरांची होती. त्यांच्यावरची धूळ पुसायची मी.

मला पाहायला पाहुणे येणार ठरलं तेव्हा आईने वडिलांना हात जोडले.

"खोटं बोला असं म्या म्हनत नाही. फक्त घंटाभर बोलूच नका."

पाहुणे आले. मुलाचे वडील भिंत पाहून सावरूनच बसले. तेव्हा घरात बंदूक म्हणजे लायसन, आणि लायसन म्हणजे वजनदार माणूस. माझे वडील सुपारी चघळत गप्प होते, पण घामाने सदरा भिजला होता. मी चहा नेला. मुलाने कप घेतला आणि हळूच विचारलं, "तुमी नाही घेत?" पाहायला आलेल्या मुलीला असं कोणी विचारत नसे. मला तो तिथेच आवडला.

"आमचं काही मागनं नाही," त्याचे वडील म्हणाले. "वरात शिवेवर आली का या साऱ्या बंदुकाईचे बार झाले पाह्यजे बस. गावाले कळलं पाह्यजे, कोनाची सोयरीक हाये!"

"हाव, होईन नं!" आई दाराआडून घाईघाईने म्हणाली. कोणाची तरी खरी बंदूक मागून आणली असती तिने.

पण वडील उठले. त्यांनी भिंतीवरून ठासणीची बंदूक काढून पाहुण्यांच्या मांडीवर ठेवली. "नळी पाहा, भरीव हाये. यातली एकई उडत नाही." एवढ्यावर थांबतील तर ते वडील कसले! लाकूड कोणतं, चापाची कमान कशी बसवली, सगळं सांगत बसले. मी दातओठ खात उभी होते.

मुलाच्या वडिलांनी टोपी घातली. "पोरीचंबी असंच काही असन तं?" म्हणाले आणि निघाले. मुलगा मान खाली घालून त्यांच्या मागे गेला.

"जलमभर खोट्या बंदुका टांगल्या," आई कडाडली, "अन् एक खोटं पचलं नाही तुमाले!"

वडील जेवले नाहीत. दिवेलागणीला चुलीपाशी येऊन माझ्यासमोर बसले. चेहरा उतरलेला.

"खोट्याच्या भरवशावर तुले कशी देऊ, बाई? राग आला काय?"

आला होता. भयंकर आला होता. पण तो चेहरा पाहवेना.

"मले तो पोरगा पसंतच नोता, बाबा."

"खरंच?" म्हणाले, आणि सुटकेचा श्वास सोडून त्यांनी ताट ओढलं. दोन भाकरी खाल्ल्या.

सोयरीक मोडल्याचा राग पुढे ओसरला. त्यांनी माझं ते खोटं इतक्या चटकन खरं मानलं, त्याचा अजून येतो.