टाळ्या न वाजवणाऱ्या बाई

ऑकलंडच्या ज्यू साहित्य महोत्सवात नवोदितांसाठी एक तास राखलेला असे, मग ते कुठल्याही समाजाचे असोत. फार्मसीतून रजा काढून मी तिथे माझी पहिली कथा वाचली. पहिल्या रांगेतल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या एका म्हाताऱ्या बाईंखेरीज सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी त्या हातातलं बिस्किट माझ्यावर रोखून म्हणाल्या, "तुझ्या नायिकेनं आईला इतक्या लवकर माफ का केलं? मला नाही पटलं." चहा गार होईतो भांडल्या. माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाल्या, "अगं, आवडलेल्या गोष्टीशीच आमच्यात वाद घालतात."

महिन्याभरानं मराठी मंडळात तीच कथा वाचली. "छान, छान" म्हणत सगळे बटाटेवड्यांकडे वळले. भांडायला कुणीच आलं नाही.