विधेयक पडून, गुढी उभी

स्पष्टच सांगते. मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावी आमच्या टाउनहोम सोसायटीत दारासमोर प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो चालतो. नाताळात अंगणात हवा भरलेला डायनासोर चालतो, त्याला सांताची टोपी घातलेली असली म्हणजे झालं. टीव्हीची तबकडी तर कायद्यानंच चालते. पण शेजारच्या काकांनी परसात एक तार उभी केली, तर चालत नाही. का, तर सौंदर्याला बाधा येते. डायनासोरनं येत नाही!

हे काका मूळचे यवतमाळचे. टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन मुलाकडे राहायला आले. हौशी रेडिओ हा त्यांचा तरुणपणापासूनचा नाद: परवाना काढायचा, घरात यंत्र मांडायचं आणि जगभरातल्या तसल्याच वेड्यांशी हवेतून बोलायचं. त्यांचा जिवलग मित्र यवतमाळातच आहे आणि तोही तसलाच वेडा. इथे येऊन काकांनी इथली परीक्षा दिली, पास झाले, रेडिओ घेतला, आणि गाडी अँटेनाशी अडली.

“काका, फोन करा ना सरळ,” मी म्हटलं.

“फोनवर काय बोलू, बेटा? ‘जेवला का?’ ‘जेवलो.’ खतम. रेडिओवर आवाज पोचला हीच मोठी बातमी असते. मग मधेच कोणी रशियन घुसतो, त्याला दोघं मिळून शिव्या देतो. तास कसा जाते समजत नाही.” मग म्हणाले, “अन् तो रुसलाय. म्हणतो, अमेरिकेत एवढे टॉवर, अन् तुले एक तार लावता येत नाही? तू शेफारला, म्हणून बोलत नाहीस.”

झालं. माझं डोकं फिरलं.

मी नागपूरची. लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. नळाला पाणी नाही, काढ पत्रक. हॉस्टेलच्या वरणात डाळ नाही, काढ पत्रक. इथे दिवसभर सॉफ्टवेअरची टेस्टिंग करते म्हणून हात काही विसरला नव्हता. मी कायदा वाचून काढला. शहरांनी हौशी रेडिओवाल्यांच्या अँटेनांना सरसकट नाही म्हणू नये, असा केंद्राचा नियम जुनाच आहे. पण सोसायटी पडली खासगी, तिला तो लागू नाही. तो तिला लागू करणारं विधेयक वॉशिंग्टनमध्ये येतं, पडून राहतं, पुन्हा येतं, पुन्हा पडून राहतं. म्हणजे जी बंदी शहराला घालता येत नाही ती आमच्या सोसायटीची समिती घालते, आणि तीही नाचो खात!

मी पत्रक काढलं. “शेजाऱ्यांनो, जागे व्हा! आज त्यांची तार, उद्या तुमचा डायनासोर!” अख्ख्या गल्लीत दारोदार वाटलं. एकच बाई भेटायला आली. तिची मांजर हरवली होती आणि मी घरोघर फिरते तर बघितली का, असं विचारत होती.

समितीच्या अध्यक्षीणबाईंनाही दिलं. उंच, पांढऱ्या केसांच्या, अगदी गोड बोलणाऱ्या. पत्रक शेवटपर्यंत वाचून म्हणाल्या, “हे जरा वेगळं आहे, नाही?” मिनेसोटात कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. ‘वेगळं आहे’ म्हटलं की समजून घ्यायचं, गेलं गटारात.

आणि मग पाडवा आला. अंगणात अजून बर्फ. दोन घरं सोडून पुण्याच्या काकू राहतात. त्यांनी डेकवर पडद्याच्या रॉडची गुढी उभारली. अध्यक्षीणबाई कुत्रा फिरवता फिरवता थांबल्या, “हाउ कलरफुल!” म्हणाल्या आणि फोटो काढून गेल्या. काका खिडकीतून ते सगळं बघत होते.

“बेटा,” ते हळूच म्हणाले, “उंच काठी. टोकाला धातूचा तांब्या. ही अँटेनाच आहे की.”

“काका, हक्क लपूनछपून घेत नसतात!”

“हक्क तू घे. मी बोलून घेतो.”

आमच्या घरी सण म्हणजे चौदा एप्रिल. गुढी मी जन्मभर शेजाऱ्यांची पाहिलेली. काकांचंही तेच. त्यामुळे काका तांब्या मागायला गेले तेव्हा काकूंना आनंदाचं भरतंच आलं. तांब्या दिला, जरीचा खण दिला, गाठी दिली, वर श्रीखंडाचा डबा. काकांनी मासे धरायची घडीची लांब काठी परसात उभी केली, आतून तार नेली, वर खण बांधला, तांब्या उपडा घातला. गाठी अर्ध्या तासात खारीनं पळवली.

दुसऱ्या दिवशी ब्राझील लागलं. मग जपान लागलं. यवतमाळ काही लागेना. काका रोज सकाळी रेडिओला कान लावून बसत आणि मान हलवत. गुढी तशीच उभी. रामनवमी झाली, हनुमान जयंती झाली, बर्फ वितळलं, गुढी उभीच.

तक्रार कोणी केली? अध्यक्षीणबाईंनी नाही. डायनासोरवाल्यानंही नाही. पुण्याच्या काकूंनी!

सोसायटीच्या मीटिंगला मी भाषण पाठ करून गेले होते. मी उठायच्या आत काकू उठल्या. इंग्रजीत सुरुवात केली, पण राग मराठीतच आला. “अहो, गुढी सूर्यास्ताला उतरवायची असते! फुलं वाहून, नमस्कार करून! महिना झाला, माझा तांब्या तिथे पावसात उलटा लटकतोय!”

“काकू, बसा ना यार,” मी कुजबुजले.

“तू गप्प बैस. खोटं बोलायचं तर बोला, पण विधी तरी नीट करा!”

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, नक्की काय चाललंय? आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी ताठ उभी राहिले. “ती अँटेना आहे! आणि संसदेत विधेयक...”

“ते ठाऊक आहे, हनी,” बाई म्हणाल्या. “तार खिडकीतून आत जाते, आम्हाला दिसते. आमच्या नियमात कायमचं बांधकाम चालत नाही, एवढंच.” मग काकूंकडे वळून अगदी आशेनं विचारलं, “म्हणजे ही वस्तू रोज संध्याकाळी उतरवायचा नियमच आहे?”

“आहेच मुळी! पण रोज...”

“मग ती कायमची नाही,” बाई खुश होऊन म्हणाल्या. “सूर्योदयानंतर चढवा, सूर्यास्ताआधी उतरवा. हे वेगळं आहे.” आणि हे ‘वेगळं’ खरोखर चांगल्या अर्थानं होतं. हात वर झाले. काकूंचाही झाला, पण “तांब्या घासून ठेवायचा” ही अट घालून.

हा हक्क नव्हे, सवलत आहे, असं मी तिथेच ठणकावलं. लोक नाचोकडे वळले होते.

काकांची कंबर दुखते, मुलगा सकाळीच ड्राइव्ह करून ऑफिसला जातो, म्हणून काठी मी चढवते. होय, मी! काकूंनी खणाच्या निऱ्या कशा घालायच्या ते शिकवलंय आणि चुकलं की डेकवरून ओरडतात. एका सकाळी जोराचा वारा होता, मी काठीची दोरी ताणून धरून परसात उभी होते, आणि उघड्या खिडकीतून खरखर फुटून एक आवाज आला.

“काऊन बे? जिता हायेस?”

काकांनी माइक ओढला. मग एकदम भरभर बोलू लागले: तार, समिती, तांब्या, खण, सगळं.

“अँटेनाले लुगडं नेसवतेत अमेरिकेत?” यवतमाळ खदाखदा हसलं. “अरे, माह्या टॉवरवर शेजारीण गोधड्या वाळू घालते. म्या कधी मीटिंग भरवली का?”

खरखर वाढली. काका खिडकीतून ओरडले, “बेटा, दोरी सोडू नको!”

“कोन हाय थे?”

“आमची पुढारी,” काका म्हणाले. “विधेयक पास होईपर्यंत अँटेना धरून उभी आहे.”