दिसायला दुप्पट

अंगठा आणि तर्जनी जवळ आणायची, एक डोळा मिटायचा, समोरची वस्तू त्या दोन बोटांत धरायची आणि मग बोटं हळूहळू फाकवायची. काका दिवसभर हेच करत. आमच्या मुनिरका वस्तीवरून खाली येणारं विमान, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, जानेवारीच्या धुक्यातला तो दुधाळ सूर्य, काहीही चाले. वर म्हणत, "दिसायला दुप्पट झालं बघ. जागा मात्र तेवढीच."

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला विक्षिप्त ठरवतो आणि पुढे जातो. मी गेले नाही, कारण मला फुकटात वेबपान करून देणारं कुणीतरी हवं होतं. खोटं कशाला सांगू?

काकांनी सगळी नोकरी नकाशे काढणाऱ्या एका सरकारी खात्यात केली होती. निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, काकू गेल्या, आणि ते आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आले. मी खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. नावाला विद्यार्थिनी, उरलेला वेळ पत्रकं आणि मोर्चे. जिना उतरताना मी फोनवर आईशी मराठीत भांडत होते, ते यांनी ऐकलं. "अच्छा, म्हणजे आपल्यातली," एवढंच म्हणाले आणि डब्यातला चिवडा पुढे केला.

साठीनंतर हा माणूस वेबपानं शिकला होता. का? तर नकाशासारखंच आहे, म्हणे. प्रत्येक गोष्टीला चौकट, प्रत्येक चौकटीला जागा. पानावरची चौकट मोठी करायची तर दोन रस्ते. एक, तिचं मापच वाढवायचं. मग शेजारच्या चौकटी सरकतात, खालच्या आणखी खाली जातात. दुसरा रस्ता पानाचं रूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटमधल्या स्केलचा. एक ओळ लिहायची, आणि चौकट नुसती मोठी दिसते. पानाला त्याचा पत्ताच नसतो. पान तिची जुनीच जागा धरून बसतं.

"म्हणजे फसवणूक," मी म्हणाले.

"सगळ्यात फसवणूक दिसते तुला. इकडे ये."

त्यांनी लॅपटॉपवर एक पान उघडलं. त्यावर जुने लहान लहान फोटो, शाळेच्या हजेरीपटासारखे ओळीनं लावलेले. त्यातल्या काकूंच्या फोटोवर त्यांनी माउसचा बाण नेला. क्वार्टरच्या व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत, मटार सोलत बसलेल्या काकू हळूहळू मोठ्या होत गेल्या. इतक्या हळू, की त्या उठून जवळ येतायत असं वाटलं. बाण काढला, तशा परत जाऊन बसल्या. पुन्हा नेला, पुन्हा आल्या. बाहेर गच्चीवर ऊन पसरलं होतं, एका विमानाची सावली टाक्यांवरून सरकत गेली, आणि आम्ही दोघं त्या फोटोचा श्वास बघत बसलो.

"बाकीचं काही हललं का?" त्यांनी विचारलं. "तिला असंच आवडायचं. स्वतः आली तरी कुणाला उठवायची नाही."

मग गल्लीतल्या सरकारी दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली. दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडे हलवणार, हरकती शुक्रवार संध्याकाळपर्यंत. माझं रक्त उसळलं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी सहा पदरी रस्ता ओलांडून सुई टोचून घ्यायला जायचं? काकांना साखरेचा आजार होता आणि डाव्या पायाला न भरणारी जखम. दिवसाआड ड्रेसिंग. भिंतीला धरून जिना उतरत, दीडशे पावलं चालत, परत येत. त्याहून लांब त्यांना जमणारं नव्हतं. हे मला माहीत होतं, तरी त्यांनी स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाले, "चलो, पान करू."

पान साधं होतं. वर घोषणा, 'दवाखाना यहीं रहेगा'. खाली एक बटण. बटण दाबलं की हरकतीचा अर्ज उघडे, आणि भरलेला अर्ज थेट कार्यालयाच्या पत्त्यावर जाई, एक प्रत आमच्याकडे येई.

मला घोषणा बारीक वाटली. पत्रकात मथळा कसा हवा? कानाखाली बसल्यासारखा. काका म्हणाले, "मोबाइलवर लोक बघणार, एवढा पुरे."

"तुम्ही घाबरता, काका. सरकारी सवय."

ते हसले. मंगळवारी सकाळी ते ड्रेसिंगला गेले, तेव्हा मी त्यांच्या लॅपटॉपवर ती एक ओळ लिहिली. स्केल, दोन. त्यांनीच शिकवलेली. घोषणा धाडकन दुप्पट झाली. खाली बटण दिसत होतं. ते दाबून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. पत्रकाला बटण नसतं ना! तसंच पान मी गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारची दुपार झाली. हरकती शून्य.

मी काय करावं? मी नवं पत्रक काढलं. 'सोए हुए लोगो, शर्म करो!' शंभर प्रती घरोघरी टाकल्या. काका ते वाचून म्हणाले, "लोक झोपलेले नसतात गं. जरा थांबून बघ." मी थांबले नाही.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या अम्मा, काकांच्या आधीपासून दवाखान्यात रोज जाणाऱ्या, माझं पत्रक एका हातात आणि नातवाचा फोन दुसऱ्या हातात घेऊन धापा टाकत गच्चीवर आल्या. पत्रक माझ्या अंगावर टाकलं.

"शरम किसको करनी है, बेटा? तीन दिन से दबा रही हूँ. बटन दिखता है, दबता नहीं. सब यही बोल रहे हैं. हम समझे हमारे ही फोन खराब हैं."

काकांनी फोन घेतला. मग लॅपटॉप उघडला. माझ्या घोषणेची चौकट दुप्पट झाली होती आणि तिचा रिकामा, न दिसणारा काठ बटणावर पसरला होता. लोकांची बोटं बटणावर पडतच नव्हती. सगळी माझ्या घोषणेवर पडत होती. काकांनी ती ओळ पुसली. माझ्याकडे पाहिलं नाही. "अच्छा," म्हणाले. नंतर, "कागद घे. पेन दोन घे."

शुक्रवारी सकाळपासून आम्ही दोघं दारोदार फिरलो. तो माणूस त्या पायानं किती जिने चढला, मी मोजले नाहीत. मोजायची हिंमत नव्हती. संध्याकाळी गठ्ठा पोचवला. बारीक होता.

रविवारी चौपालात, म्हणजे वस्तीच्या पारावर, सगळे जमले. एक भाडेकरू तावातावानं उठला, "ये पेज बनाया किसने था?"

मी. जिनं आयुष्यभर सत्तेला जाब विचारला, जी माइक मिळाला की सोडत नाही, ती मी खाली बघत बसले. माझ्या शेजारी एक हात वर गेला.

"मैंने बनाया था," काका म्हणाले. "गलती हो गई, भाई."

कुणीतरी म्हणालं, इस उमर में क्यों करते हो अंकल जी. हसू झालं. काकाही हसले.

दवाखाना गेला. ते तीन दिवस वाया गेले नसते तर राहिला असता का, मला माहीत नाही. कदाचित नसताही. पण मी त्या 'कदाचित'च्या आड बसायला तयार नाही. महिनाभर काका रिक्षानं पलीकडे जात राहिले, जखम चिघळली, आणि पुण्याहून त्यांची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. निघताना मला म्हणाले, "पत्रक लिहीत राहा. मथळा तुझा चांगला असतो."

गेल्या आठवड्यात मी अम्मांकडे गेले आणि सांगितलं की ती ओळ माझी होती. त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो उस दिन क्यों नहीं बोली?"

त्यांनी अर्धे मटार माझ्याकडे सरकवले. आम्ही सोलत बसलो.

काकांचा फोन येतो. पाय बरा आहे म्हणतात, पण ते काहीही झालं तरी बरं आहे असंच म्हणतात. "इथं विमानं फार उंचावरून जातात गं. बोटांत येतात, पण मजा नाही." त्या ओळीबद्दल, त्या रविवारबद्दल मी त्यांना अजून काही बोललेले नाही. हे आधी इथे लिहिते आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही. छापून आलं की अंक घेऊन पुण्याला जाईन.

गच्चीवरची खोली रिकामी आहे. दुपारी मी वर जाते, एक डोळा मिटते, उतरणारं विमान दोन बोटांत धरते. बोटं फाकवायच्या आधी बोटांच्या मागे काय काय झाकलं गेलं, ते दुसरा डोळा उघडून बघते.