सहावा ठिपका

पहिल्या चार सकाळी सासूबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी नवी नवरी, मॅट्रिकला गणितात अव्वल आलेली, डोक्यात हवा. मी लगेच सिद्धांत मांडला की ही बाई घमेंडखोर आहे. पाचव्या सकाळी कळलं की त्यांची दाढ सुजली होती. त्या नव्या नवरीला आज भेटले असते तर कानाला धरून बाजूला बसवलं असतं. चार गोष्टी जुळल्या की पाचवीला बोलवायची गरजच नाही, असं तिला वाटायचं.

हे आठवलं ते नातीमुळे. ती अकरावीत शिकते आणि फुलचूरच्या घरी आमच्याकडेच राहते. त्या रविवारी सकाळी ती घरापुढच्या छपरीत कागद पसरून बसली होती, चेहरा उतरलेला.

"काऊन वो, तोंड कायले पाडून बसली?"

"आजी, गडबड हो गई," ती म्हणाली. आमच्या घरी मराठीला मधेमधे हिंदीचं ठिगळ असतंच.

गडबड अशी होती. गोलाच्या कडेवर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांना सरळ रेघेनं जोडायचा आणि गोलाचे तुकडे मोजायचे. दोन ठिपक्यांचे दोन तुकडे, तिनाचे चार, चाराचे आठ, पाचाचे सोळा. पोरीनं वर्गात उभं राहून सरांना सांगून टाकलं होतं की दर ठिपक्याला तुकडे दुप्पट होतात आणि हा नियम तिनं स्वतः शोधला. सर म्हणाले, सोमवारी फळ्यावर सहा ठिपके काढून दाखव. बत्तीस यायला हवे होते. येत होते तीस.

"कागद लहान आहे, बारके तुकडे दिसून नाही राहिले तुले," मी म्हटलं. रांगोळीचा डबा आणला, परात उपडी घालून गोल आखला आणि सहा ठिपके टाकले. हात माझा साठ वर्षांचा सरावलेला, ठिपके आपोआप सारख्या अंतरावर बसले. रेघा ओढल्या. मोजले. तीस.

सून तांदूळ पाखडायला बाहेर येत होती. ती दारातच थांबली. "आई, मधात तीन रेघा एकाच जागी अडकल्या ना."

खरंच होतं. देखणेपणाच्या नादात मी तिन्ही रेघा एका टिंबातून काढल्या होत्या. रांगोळी काढणारी बाई वाकडा ठिपका टाकूच शकत नाही, जीव कासावीस होतो. तरी मी एक ठिपका दोन बोटं सरकवला आणि रेघा पुन्हा ओढल्या. मधोमध एक चिमुकला त्रिकोण उघडला. पोरगी टाळ्या वाजवायच्या बेतात होती. मोजलं तर एकतीस.

आम्ही दोघींनी ठिपके इकडेतिकडे सरकवून पाहिले. एकतीसच्या वर काही जाईना.

माझ्यातली ती जुनी नवरी जागी झाली. "असं कर, उद्या पाचावरच थांब. फळा भरला म्हण."

"सरांनी सहाच सांगितले आजी. आणि सगळी क्लास टपून बसली आहे. मी चुकली ना, तर वर्षभर मला 'बत्तीस' म्हणून हाक मारतील."

मग तिनं मधल्या त्रिकोणावर बोट ठेवलं. म्हणाली, "पण एक कुठं गेला, हे समजलं पाहिजे ना."

मी फडक्यानं सगळं पुसलं आणि या वेळी रेघा सावकाश, एकेक करून ओढू लागले. ती बाजूला उकिडवी बसून पाहत होती. पहिल्या रेघेनं एका घराच्या दोन खोल्या झाल्या. पुढची रेघ कुणाला न कापता गेली तर एकच खोली वाढली. पण वाटेत जुनी रेघ ओलांडली की आणखी एक. ओलांडशील तेवढ्या जास्त.

"थांब," ती म्हणाली. "म्हणजे रेघा मोजायच्या आणि रेघ रेघेला कापते त्या फुल्या मोजायच्या. तुकडे मोजायचेच नाहीत."

सहा ठिपक्यांना रेघा पंधरा. फुली व्हायला चार ठिपके लागतात आणि कोणत्याही चार ठिपक्यांची आत एकच फुली पडते. सहातून चार पंधरा प्रकारांनी निवडता येतात, म्हणून फुल्याही पंधरा. त्यात सुरुवातीचा अख्खा गोल एक. एकतीस. पाच ठिपक्यांना दहा रेघा, पाच फुल्या आणि एक, म्हणजे सोळा. दुप्पट होणं हा नुसता योगायोग होता. पाच घरं आमच्यासोबत चालला आणि सहाव्या घराशी वळला.

दुपारी तिनं मला सांगितलं की दोनापुढची प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, अशी एक अटकळ शेकडो वर्षांपासून आहे. लोकांनी मोजता येतील तेवढ्या संख्या तपासल्या, एकही फसली नाही. तरी ती सिद्ध झाली असं कुणी म्हणत नाही. मला त्या लोकांचा हेवा वाटला. एवढं मोजूनही 'अजून माहीत नाही' म्हणायला किती धीर लागत असेल. मी तर चार सकाळींत सासू निकालात काढली होती.

सोमवारी ती शाळेतून आली आणि दप्तर झुल्यावर टाकलं.

"काय झालं वो?"

"सांगितलं. म्हटलं, माझा नियम चूक आहे, आणि का चूक आहे ते दाखवते. हसले सगळे. मग सर म्हणाले, सात ठिपक्यांचे किती? मी काढायच्या आधीच म्हटलं, एकवीस रेघा, पस्तीस फुल्या आणि एक, सत्तावन्न."

"मग?"

"मग सगळे मोजत बसले. कुणाचे पंचावन्न, कुणाचे साठ. भांडणंच लागली."

"आणि तू?"

"मी कायले मोजू?" ती म्हणाली आणि जेवायला गेली.

ती झोपल्यावर दुपारी मी मुकाट्यानं छपरीत सात ठिपके टाकले, चांगले वाकडेतिकडे. चष्मा लावून मोजले तर छप्पन्न भरले. क्षणभर वाटलं, पोरीला उठवावं. मग फडकं घेतलं आणि पुसून टाकलं. चूक माझ्या मोजण्यात होती, आणि ती कुठं झाली हे मला शोधायचंही नव्हतं.