वाकड्या दात्यांचं चाक

पेणला गणपतीच्या हलत्या देखाव्यांच्या मोटारी दुरुस्त करणारा तो माणूस, मी कितीदा गेलो तरी, कधी बसलेला दिसला नव्हता. गेलेल्या भावाच्या संग्रहातलं छोटं रेल्वे इंजिन दर फेरीला अडायचं, म्हणून रोह्याहून मी ते त्याच्याकडे नेलं. येरझाऱ्या घालतच त्याने ते उघडलं.

“ह्या चाकावर कानस कोणी मारली? दाते वाकडे हायत.”

“भावाने.”

“नवं टाकतो.”

नव्या चाकावर इंजिन न अडता, न कुरकुरता धावलं. मला ते बघवेना. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

माझ्याकडे बघून त्याने इंजिन थांबवलं आणि पुन्हा स्क्रू काढायला घेतले.

“जुनंच लावतो. पण अडंल हां.”

“अडू दे.”

तेव्हा कुठे तो स्टूल ओढून बसला.