झरीच्या हौदातली पाणबुडी

सहावीची चाचणी चालू होती आणि मी वर्गात चकरा मारत होते. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि काहीच बोलेना. मी म्हटलं, "काय रे, तोंडात तंबाखू आहे का?" तो म्हणाला, "बाई, घरी चला... मामा गेले." मामा म्हणजे माझे सासरे, लिंबाजीराव. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात. सकाळी मी निघाले तेव्हा ते ओसरीवर आरसा टेकवून दाढीला बसले होते. मी परत आले तेव्हा त्यांच्या एका गालावर साबण तसाच वाळलेला. अर्धी दाढी राहिली होती. न्हाव्याला बोलावून ती आधी पुरी करवून घेतली आणि मगच रडले. अर्धवट काम मामांना कधी चाललं नव्हतं.

आता महिना-दीड महिना झाला. लोक विचारतात, मामा कसे होते? मी सांगते, खरं बोलणारे होते. आणि ते मला कळायला सहा वर्षं लागली, हेही सांगून टाकते.

मी लग्न होऊन परभणीहून झरीला आले ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीचं साल. गाड्या बंद, माणसं मुकी. मला माहेरी जाता येईना आणि नव्या घरात करमेना. मी सारखी दाराकडे बघते हे पाहून मामांनी एका दुपारी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "सूनबाई, तुमी बीएस्सी शिकलेल्या. तुमाला एक गोष्ट सांगतो. गावाला सांगून थकलो, तुमी तरी ऐका."

गोष्ट अशी. निजामाच्या राज्यातून पळून मामा कोवळ्या वयात मुंबईला गेले आणि मालाच्या जहाजावर लागले. काम भट्टीत कोळसा टाकायचं. दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा त्यांचं जहाज विलायतेत, स्कॉटलंडच्या एका बंदरात दुरुस्तीला पडलं होतं. एका सकाळी धुक्यातून जर्मनांची एक पाणबुडी वर आली. तिच्यावर काळं निशाण. पूर्वेकडून चोरून माल घेऊन ती महिनोन्‌महिने घराकडे चाललेली. दिवसा पाण्याखाली, अंधार पडला की श्वास घ्यायला वर. वाटेतच बिनतारी यंत्रावर कळलं की आपला देश हरला; आता वर या, काळं निशाण लावा आणि जवळच्या बंदरात स्वाधीन व्हा. आतून दाढी वाढलेली, पांढरीफटक पोरं बाहेर निघाली आणि उजेडाला डोळे मिचकावत उभी राहिली. बंदरात हात कमी होते, म्हणून माल उतरवायला मामांसारख्या रिकाम्या खलाशांना लावलं. रबर निघालं, हिवतापावरच्या कोयनेलच्या पेट्या निघाल्या. पण कागदावर लिहिलेलं कथील काही सापडेना. साहेबांनी दोन दिवस बोट पिंजून काढली. शेवटी तिचा कप्तानच म्हणाला, बोट कोरडी करा आणि खाली बघा. गोदीतलं पाणी काढलं तर बोटीच्या पोटाखाली, बाहेरून, लांबच लांब पेटीत कथिलाच्या विटा रचलेल्या! त्या मामांनी आपल्या हातांनी ओढून काढल्या.

मी ऐकून घेतलं. पण गाव ऐकून घेत नसे. गावात समुद्र पाहिलेलं माणूस नाही, आणि मामांकडे पुरावा नाही. खलाशाचं नोंदीचं पुस्तक होतं ते वाळवीनं खाल्लं. पाहुणा आला की गणेश मंडळाचे अध्यक्ष भगवानराव हटकून म्हणायचे, "लिंबाजीराव, ती बुडालेली बोट काढा की वर!" मामा भोळेपणानं सुरुवात करायचे. माल उतरवण्यापर्यंत लोक दम धरायचे आणि कथिलापाशी आले की ओसरी हसून लोटपोट. दर वेळी तिथंच. मामा त्यापुढचं सांगायचे नाहीत, पान लावायला घ्यायचे.

माझं पाप पुढचं आहे. एकदा अशाच बैठकीत भगवानरावांनी मला विचारलं, "बाई, तुमी सायन्सच्या. खरं सांगा, माल बोटीच्या आत ठेवतेत का भायेर?" नवी नोकरी, नवी अक्कल. मी म्हणाले, "आतच ठेवणार की. बाहेर कोण लावेल?" हशा पिकला. मामांनी माझ्याकडे पाहिलं... रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर त्यांनी गोष्ट सांगणंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता आठवत न्हाई."

मग चार-पाच वर्षांनी मंडळानं हलता देखावा करायचं ठरवलं. ताडकळसच्या मंडळानं म्हणे आदल्या वर्षी कालियामर्दन केलं होतं आणि नाग फणा हलवत होता, तेव्हा झरीची अब्रू पणाला लागलेली. मंडपाशेजारी जनावरांचा सिमेंटचा हौद होता, छातीइतका खोल. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, लिंबाजीरावांची पाणबुडी सोडा यात. सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते उठून म्हणाले, "सोडतो. पण मी सांगंल तशी. आन् गोष्ट पुरी सांगणार, मधी कुणी हसायचं न्हाई." मामांना तो देखावा नको होता, त्यांना गावानं एकदा शेवटपर्यंत ऐकायला हवं होतं. आणि बोट बुडून बसली असती तर त्यांचा शब्दही तिच्यासोबत कायमचा बुडाला असता.

सायकल दुकानवाले रशीदभाई मदतीला आले. डिझेलचं छोटं पिंप आडवं घेतलं, खाली भोक, वर हवेची नळी. नळी सोडली की हवा निघते, पाणी शिरतं, पिंप बुडतं. पंपानं हवा भरली की पाणी हटतं आणि पिंप वर येतं. एवढं मलाही कळत होतं. नीट बुडावं म्हणून मीच सांगितलं, आत वाळू भरा. भरली. हौदात सोडलं तर वाळू एका अंगाला घसरली आणि आमची पाणबुडी म्हशीसारखी कुशीवर लोळली. पुन्हा भरली, पुन्हा लोळली. रशीदभाई म्हणाले, "बाई, इसका पेट खराब हाय."

मामा घरात गेले आणि दोन लोखंडी पहारी घेऊन आले. वाळू ओतून टाकली. पहारी पिंपाच्या खाली, बाहेरून, तारेनं लांबीच्या लांबी आवळून बांधल्या. हौदात सोडलं. पिंप सरळ तरंगलं, डुललं, पुन्हा सरळ झालं. पाणी घेऊन खाली गेलं तेही सरळच. मी हौदाच्या कठड्याला धरून उभी होते. बोट सरळ राहायची तर जड वजन पोटाखाली हवं. मग ते वजन शिशाचं घालण्यापेक्षा कथिलाचं घातलं, तर मालही जातो, बोटही सरळ राहते आणि कुणाला दिसतही नाही! मामांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडणार होतं? ज्यानं त्या विटा खालून ओढल्या त्यालाच हे ठाऊक असणार.

मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं."

"पहारीला तारेचा अजून एक येढा द्या," मामा म्हणाले.

निशाणावरून ऐनवेळी खटका उडालाच. भगवानराव म्हणाले, "गणपतीपुढं काळं निशाण? गाव जोड्यानं मारंल. भगवं लावा. आन् आपली बोट हरती कशाला, जिंकवून टाका की."

मामा म्हणाले, "ती जिंकली न्हाई, भगवानराव. हरली, वर आली, आन् जे व्हतं ते समदं दाखवलं. तेवढंच खरं हाय. भगवं लावायचं तर गोष्ट तुमीच सांगा." माझ्या काळ्या परकराचा तुकडा बोटीवरच्या काठीला लागला.

पाचव्या दिवशी आरती झाली आणि हौदाभोवती मुंगी शिरायला जागा उरली नाही. मामा कठड्यावर उभे राहून सांगू लागले. मुंबई झाली, जहाजाची भट्टी झाली. बोट खाली गेली आणि निशाणाचं टोकही दिसेनासं झालं. "आता तारेवर हुकूम आला..." मामा म्हणाले आणि रशीदभाईंनी पंप मारायला सुरुवात केली. पंप चालतोय, बोट येईना. नुसते बुडबुडे. मागून कुणीतरी फिसकन हसलं. "लिंबाजीराव, बसली वाटतं!" हसू पुढे सरकायला लागलं. रशीदभाई घामाघूम. मामा मात्र पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "मारत राहा. कसलेली बोट हाय, टाइम लागतो."

आणि आधी वर आलं ते निशाण. ओलंचिंब, काठीला चिकटलेलं, काळं. मग पाठ. पाणी निथळत अख्खी बोट वर आली आणि तरंगत राहिली, सरळ! टाळ्या नाहीत की शिट्ट्या नाहीत. त्या शांततेत मामांनी कथिलाची गोष्ट सांगितली. बोटीच्या खाली, बाहेरून, लांबच लांब पेटीत विटा. शेवटपर्यंत सांगितली आणि बोटीला बांधलेला दोर ओढून पिंप उताणं केलं. पहारी दिसल्या मात्र, असा काही गजर झाला की गणपतीच्या मागचा पडदा हलला. रशीदभाईंनी पंप सोडून मामांना खांद्यावर घेतलं. मी मास्तरीण असल्याचं विसरून बोंब मारत होते. त्या रात्री मामा दोनदा जेवले.

पुढची वर्षं त्यांनी मानानं काढली. पण खरी पावती मला मिळाली ती त्यांच्या तेराव्याला. अंगणात पंगत बसली होती आणि मी बुंदी वाढत होते. देवगाव फाट्याकडचे एक दूरचे पाहुणे होते, त्यांना काही माहीत नव्हतं. शेजारी बसलेले भगवानराव त्यांना सांगत होते, "आमच्या लिंबाजीरावांनी जर्मनांची पाणबुडी उतरवली व्हती. बोटीच्या भायेर, पोटाखाली कथील..." पाहुणे घास हातात धरून मोठ्यानं हसले. "काय फेकायलाव राव! भायेर कुणी माल लावतं का?"

सगळी पंगत थांबली. कुणाचाही हात पत्रावळीवरून तोंडाकडे गेला नाही. भगवानरावांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"पावणं," ते म्हणाले, "झरीत हे ऐकताना हसत न्हाईत. हात आवरा. पहिल्यापासनं सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. धुकं, पोरं, काळं निशाण, एक अक्षर न गाळता. बुंदी निवून गेली. मी परात कडेवर घेऊन उभी राहिले आणि शेवटपर्यंत ऐकलं.